परक्याच्या दारात अदब, आपल्या गावात मात्र जात!

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वर्धा जिल्ह्यात जाम या गावाजवळ आला की, वरोरा-चंद्रपूरचा रस्ता तिथून फुटतो. समुद्रपूर तालुक्यातले हे गाव तसे लहानच. परंतु जामचा चौक साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीकडे निघालेल्या चंद्रपूरकडच्या गाड्या याच चौकात चहाला थांबतात, निळे झेंडे घेऊन पुढे जातात. सुटीवर आलेला फौजीसुद्धा आपली लोखंडी पेटी घेऊन इथेच उतरतो आणि गावाकडच्या गाडीची वाट पाहतो.

याच चौकात चहाच्या टपरीवर काही दिवसांपूर्वी एका निवृत्त हवालदाराची गाठ पडली. जयभीम झाला, गाव-गोताची चौकशी झाली. संयुक्त राष्ट्रसंघाची निळी टोपी घालून आफ्रिकेत शांतिसेनेत राहून आलेला हा माणूस. बोलता बोलता तो म्हणाला, "भाऊ, तिथं जायच्या आंधी आमाले बसवून शिकवलं. तिथल्या मानसाशी कसं बोलाचं, बाईमानसासमोर कसं रायाचं, कोनाच्या घरात, कोनाच्या प्रार्थनेच्या जागी कसं जायाचं, सारं सांगतलं. खिशात ठेवाले कारड देल्लं. आता मले सांगा, आमच्या वस्तीत पाय ठेवाच्या आंधी असं कारड कोनं कोनाले देल्लं काय?"

निवृत्तीनंतर लेकीच्या शिक्षणासाठी हा हवालदार एका शहरात खोली पाहायला गेला होता. घरमालकाला फौजी भाडेकरू हवाच होता. पेन्शन ऐकून तो खूश झाला. मग आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर "घरच्यांना विचारून कळवतो" म्हणाला. अजून त्याने कळवलेले नाही.

हवालदाराचा प्रश्न साधा वाटतो, पण तो या देशाच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. म्हणूनच त्याचा विचार मुळापासून करणे भाग आहे.

परदेशात सैनिक पाठवण्याचा अनुभव भारताला नवा नाही. १९५० मध्ये कोरियात भारताचे वैद्यकीय पथक गेले. १९५६ नंतर गाझा, १९६० नंतर काँगो, पुढे कंबोडिया, सोमालिया, लेबनॉन, सुदान असा हा प्रवास आहे. आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय जवानांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमांत काम केले आणि त्यांपैकी दीडशेहून अधिक जणांनी प्राण दिले. या जवानांना जाण्यापूर्वी प्रशिक्षण मिळते. त्यासाठी २००० मध्ये नवी दिल्लीत शांतिसेना प्रशिक्षणाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. त्या देशाचा इतिहास, धर्म, भाषा, चालीरीती आणि स्त्रियांशी वागण्याची मर्यादा या गोष्टी त्यात येतात. संयुक्त राष्ट्रसंघाने शांतिसैनिकासाठी वर्तनाचे दहा नियम घालून दिले आहेत. त्यांचा आशय एवढाच की, तुम्ही त्या देशात पाहुणे आहात. तिथल्या माणसांशी आदराने वागा, त्यांच्या रीतीभातींचा मान राखा, त्यांच्या दुबळेपणाचा गैरफायदा घेऊ नका.

हे नियम कुणाच्या हौसेखातर आलेले नाहीत. अनुभवाचे चटके बसल्यावर आले. श्रीलंकेचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना जाफन्यात उतरली. तमिळ जनतेचे रक्षण करायला गेलेल्या सेनेला ऑक्टोबरपासून तमिळ वाघांशीच लढावे लागले. बहुसंख्य जवानांना तमिळ येत नव्हते. जो माणूस समोर उभा आहे तो शेतकरी की बंदूकधारी, हे ओळखायला त्याची भाषा तरी कळावी लागते. त्याच महिन्यात जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. तो आरोप भारतीय सैन्यावर आला; दोन्हीकडच्या गोळीबारात ते सापडले, असे सैन्याचे म्हणणे होते. मार्च १९९० मध्ये सेना परतली तेव्हा सुमारे बाराशे भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते आणि ज्यांच्यासाठी ती गेली त्यांच्या मनात कटुता उरली होती.

याच लढाईत आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असतानाही हल्लेखोराची बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि प्राण सोडला. मुंबईत जन्मलेल्या या तमिळभाषिक वीराला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. महार रेजिमेंटचे हे परमवीरचक्र साऱ्या देशाचे भूषण आहे. त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल सुंदरजी हेसुद्धा महार रेजिमेंटचेच. पुढे १९९३-९४ मध्ये सोमालियात गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचवी महार पलटण होती. म्हणजे परदेशातील सेवेचा हा प्रश्न आपल्या घरापासून दूरचा नाही. विदर्भातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या वस्त्यांमधून गेलेल्या मुलांचा तो प्रश्न आहे. आज या रेजिमेंटमध्ये अनेक प्रांतांचे आणि समाजांचे जवान एकत्र आहेत, ही गोष्टही अभिमानाची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. "स्थानिक संस्कृतीचा आदर करा" असे सैनिकाला सांगितले जाते. ठीक आहे. परंतु कोणाच्या संस्कृतीचा? प्रत्येक समाजात वरचे आणि खालचे असतात. संस्कृती म्हणजे काय, हे पाहुण्याला सांगायला पुढे येतो तो वरचाच. खालचा माणूस दारातही उभा नसतो.

हे आपण स्वतः भोगलेले आहे. जुलै १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी बंड केले. नवी पगडी, दाढी आणि कपाळावरचे गंध यांबाबतचे हुकूम त्याला कारण झाले. १८५७ च्या उठावाने इंग्रजांनी आणखी धसका घेतला. मग त्यांनी हिंदुस्थानी लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास सुरू केला. कोणती जात लढाऊ, कोणती नाही, कोण कुणाच्या हातचे खातो, यावर लष्करी अधिकाऱ्यांसाठी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली. एका अर्थाने हे त्या काळचे सांस्कृतिक प्रशिक्षणच होते. त्याचा परिणाम काय झाला? इंग्रज अधिकारी जात मानायला शिकला. ज्या महार शिपायांनी १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला पराक्रम गाजवला, मुंबई सैन्यात पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली. उच्चवर्णीय शिपाई त्यांच्याबरोबर राहणार नाहीत आणि ही जात लढाऊ नाही, असे ठरवले गेले. "स्थानिक भावनांचा आदर" या गोंडस नावाखाली आपल्या तोंडचा घास काढला गेला!

समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, ही समजूतही आपली नव्हतीच. १८२४ मध्ये बराकपूरला बंगाल सैन्यातल्या शिपायांनी ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर जाण्याचे नाकारले. त्यामागच्या कारणांत जातीचा आणि समुद्रप्रवासाचा प्रश्नही होता. मुंबई सैन्याच्या पलटणी मात्र इराणला गेल्या, १८६८ मध्ये ॲबिसिनियाला गेल्या. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्याला सीमा ओलांडण्याचे भय काय?

भरतीबंदीविरुद्ध पहिला आवाज उठवला तो निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी. १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे नेले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. सुभेदार रामजींच्या पोटी महूच्या छावणीत जन्मलेल्या बाबासाहेबांनी हा अन्याय लहानपणापासून पाहिला होता. जुलै १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक होताच त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. दुसरी पलटण १९४२ मध्ये आपल्या नागपूरशेजारी कामठीला उभी झाली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. ज्यांना "लढाऊ नाही" म्हणून हाकलले, त्यांच्या पोरांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढून उत्तर दिले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, संस्कृतीचे ज्ञान हे दुधारी शस्त्र आहे. ते माणसाला माणूस समजण्यासाठी वापरता येते, तसेच अन्यायाला रीतीचे नाव देऊन झाकण्यासाठीही वापरता येते. शिकवणारा कोण आणि तो कुणाच्या बाजूने उभा राहून शिकवतो, यावर सारे अवलंबून आहे.

जाफन्याचेच पाहा. आपल्याला तिथला तमिळ-सिंहली वाद माहीत असतो. परंतु जाफन्यातील तमिळ समाजात वेल्लाळांचे वर्चस्व आहे आणि पंचमर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच जातींना तिथे पिढ्यान् पिढ्या मंदिराबाहेर, विहिरीपासून दूर ठेवले गेले, हे किती जणांना माहीत असते? १९५७ मध्ये तिथे अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. तरीही १९६८ मध्ये माविट्टपुरमच्या मंदिरात प्रवेशासाठी तिथल्या दलितांना सत्याग्रह करावा लागला. हा तर जाफन्याचा काळाराम! आठव्या महार पलटणीच्या जवानांना तिथे उतरण्यापूर्वी हे कुणी सांगितले होते काय?

सोमालियात सगळे एका वंशाचे, एका भाषेचे, एका धर्माचे असे म्हटले जाते. परंतु तिथेही कातडे कमावणारे आणि शिकार करणारे मिदगान, लोहारकाम करणारे तुमाल आणि यिबीर यांना "उच्च" टोळ्या हलके मानतात. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार करत नाहीत. यादवीत अशा दुबळ्या गटांच्या पाठीशी बंदूकधारी टोळी नसते, म्हणून त्यांचे हाल सर्वांत जास्त. येमेनमध्ये सफाईकाम करणारे मुहम्मशीन, जपानमध्ये बुराकुमिन यांची कहाणीही आपल्याला अनोळखी वाटणार नाही. आपल्या पलटणीतला वस्तीतून आलेला जवान तिथल्या वेशीबाहेरच्या झोपडीकडे पाहून एका क्षणात जे ओळखील, ते दहा व्याख्यानांतून कळणार नाही. मग हे ज्ञान अभ्यासक्रमात का येऊ नये?

याचे कारण राजकीय आहे. २००१ मध्ये डरबान येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी तिथे जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकारची भूमिका काय होती? जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे! पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावात जातीचाही समावेश होतो, असे स्पष्ट केले. ज्या राज्यकर्त्यांना स्वतःच्या घरातली जात जगाला दिसू नये असे वाटते, ते आपल्या सैनिकाला जगातली जात ओळखायला कसे शिकवतील?

दुसरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. आपले जवान सगळे धुतल्या तांदळासारखे होते, असे म्हणून चालणार नाही. २००८ मध्ये काँगोतील भारतीय तुकडीतल्या काही जणांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्राथमिक चौकशीत त्यांत तथ्य दिसून आले होते. त्याच्या उलट, २००७ मध्ये लायबेरियात गेलेल्या भारतीय महिला पोलीस तुकडीचे जगाने कौतुक केले; अशी संपूर्ण महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रसंघाच्या इतिहासात पहिलीच होती. दक्षिण सुदानमध्ये मलाकाल इथे आपल्या लष्कराच्या पशुवैद्यकांनी गुराख्यांची जनावरे वाचवली. ज्यांचे सारे जगणे गाई-गुरांवर अवलंबून आहे त्यांच्या मनात शिरण्याचा तोच खरा रस्ता होता. म्हणजे चांगले वागणे आणि वाईट वागणे दोन्ही आपल्याच माणसांच्या हातून घडते. फरक पडतो तो शिकवणुकीने आणि शिस्तीने.

आता देशात या. ज्या काँगोच्या जनतेचे रक्षण करायला आपले जवान जातात, त्याच काँगोच्या एका तरुणाला मे २०१६ मध्ये राजधानी दिल्लीत मारहाण करून ठार करण्यात आले. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमाव तुटून पडला. काळ्या कातडीचा तिरस्कार आणि जातीचा तिरस्कार ही एकाच विषवृक्षाची फळे आहेत. जो समाज आपल्याच शेजाऱ्याला माणूस मानत नाही, तो सातासमुद्रापलीकडच्या माणसाला माणूस कसा मानणार? सैनिकाला दिलेले चार आठवड्यांचे शिक्षण घरादारातून मिळालेल्या वीस वर्षांच्या संस्काराशी झगडत असते, हे विसरून चालणार नाही.

आणि खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची निर्घृण हत्या झाली. तपासात हयगय केल्याबद्दल पोलीस आणि डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई करावी लागली. ते पोलीस परदेशातून आले नव्हते. त्यांना मराठी येत होते. तरीही त्या वस्तीचे दुःख त्यांना परक्या मुलुखातले वाटले! कायदा तर होता. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचाच आहे. परंतु कायदा राबवणाऱ्याच्या मनाची मशागत कुणी केली? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते की, संविधानिक नीती ही माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. जे उपजत नाही ते शिकवावेच लागते.

काही विद्वान म्हणतील, हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. त्यांनी आपला धम्म वाचावा. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरांत देशी धम्मप्रसाराला निघाला. सुनापरांत म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा मुलूख. तिथले लोक कठोर म्हणून प्रसिद्ध होते. तथागतांनी त्याला निघण्यापूर्वी विचारले, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? हात उगारला तर? दगड मारले तर? शस्त्र चालवले तर? प्रत्येक प्रश्नाला पुण्णाने शांतपणे उत्तर दिले की, त्यांनी याहून वाईट केले नाही म्हणून मी त्यांना भलेच समजेन. ही परीक्षा पार पडल्यावरच त्याला अनुमती मिळाली. आणि अट्ठकथा सांगते की, पुण्ण हा मुळात त्याच मुलखातला होता! जिथे जायचे तिथली माती ज्याला माहीत आहे, तोच तिथे गेला.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात तथागत म्हणतात की, एकाच भांड्याला निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे शब्द आहेत. कुणी पाती म्हणतो, कुणी पत्त, कुणी सराव. जिथे जाल तिथला शब्द वापरा, माझाच शब्द खरा असा हट्ट धरू नका, कारण त्या हट्टातूनच कलह जन्मतो. सम्राट अशोकाने बाराव्या शिलालेखात आपल्या पंथाची फुकाची बढाई आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा टाळायला सांगितले. मात्र याच तथागतांनी जन्मावरून ठरणारी उच्चनीचता कधीही "स्थानिक रीत" म्हणून मान्य केली नाही. भाषेचा आदर, माणसाचा आदर आणि अन्यायाला नकार अशी ही शिकवण आहे. सैनिकासाठी याहून चांगला अभ्यासक्रम कोणता असू शकतो?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, परदेशी जाणाऱ्या जवानाला त्या देशाच्या चालीरीतींबरोबर तिथे कोण दडपलेले आहे, तेही शिकवा. त्यांच्याकडून ऐकण्याची वाट शिकवा. दुसरी, हे शिकवणाऱ्यांमध्ये वंचित समाजातून आलेल्या अनुभवी जवानांना आणि महिलांना स्थान द्या. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पोलीस शिपाई, फौजदार, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, डॉक्टर यांना रुजू होण्यापूर्वी असेच प्रशिक्षण सक्तीचे करा. आणि ते वर्षातून एकदा समता सप्ताहात भाषण उरकण्यासारखे नको. परीक्षेसह, आणि चुकल्यास कारवाईसह हवे. शांतिसैनिक नियम मोडतो तेव्हा त्याला घरी पाठवले जाते. वस्तीत जातीवाचक बोलणाऱ्या अधिकाऱ्याला कुठे पाठवले जाते? बहुतेक वेळा फक्त दुसऱ्या तालुक्यात!

आपल्यालाही एक काम आहे. गावोगाव निवृत्त जवान आहेत. कुणी जाफना पाहिले, कुणी सोमालिया, कुणी काँगो. त्यांना आपण जयंतीला हार घालतो आणि विसरून जातो. विहारात त्यांना बोलवा, त्यांनी पाहिलेले जग पोरांना ऐकवा. जगात आपल्यासारखे आणखी कोण कोण आहेत, हे कळले की चळवळीचे नाते आपोआप रुंदावते.

त्या दिवशी जामच्या चौकात हवालदाराची गाडी आली. निघताना त्याने पाकिटातून एक कोपरे झिजलेले कार्ड काढून दाखवले. इतक्या वर्षांनंतरही त्याने ते जपून ठेवले आहे. "तुम्ही पाहुणे आहात, आदराने वागा." परक्या देशात त्याने हा शब्द पाळला. ज्या देशासाठी पाळला, त्या देशात तो अजून भाड्याची खोली शोधतो आहे. तो इथे पाहुणा नाही, मालक आहे. त्याला आदर मिळण्यासाठी आणखी कोणत्या देशाची टोपी घालावी लागणार आहे, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे.

जयभीम! जय संविधान!